बाईंची सावड

बाईंच्या स्कूटीवर मागच्या सीटला कायम एक नकाशा आडवा बांधलेला असायचा. गुंडाळलेला, चांगला लांब, दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. पुंडलिकनगरमधून त्या कॉलेजला निघाल्या की रिक्षावाले आपणहून बाजूला व्हायचे. रिक्षावाला बाजूला होतो ही गोष्ट ज्याला साधी वाटते, त्यानं आमचं शहर पाहिलेलं नाही. मी एकदा म्हटलं, "बाई, नकाशा विभागात का नाही ठेवत?"

"नकाशा काय कपाटात ठिवायची चीज हाये का?" त्या म्हणाल्या. "वाद कुठं निघंल ते सांगून येतो का?"

आणि वाद निघायचे. एका भाजीवाल्यानं वैजापूरचा कांदा नाशिकचा म्हणून खपवायचा प्रयत्न केला, तेव्हा बाईंनी त्याच्याच हातगाडीवर नकाशा उलगडून नाशिक कुठं आणि वैजापूर कुठं हे त्याला दाखवलं. भाजीवाल्यानं कान पकडले. कांदा मात्र बाईंनी त्याच भावानं घेतला.

त्या भूगोलाच्या, मी त्याच कॉलेजात इंग्रजीचा. सगळं कॉलेज त्यांना बाई म्हणायचं, कारण 'मॅडम' म्हणून हाक मारली की त्या मागं वळून बघायच्या, जणू दुसरंच कुणी उभं आहे. माहेर फुलंब्रीच्या पुढच्या एका खेड्यात. नोकरीला तीसेक वर्षं झाली तरी बोलणं गावाकडचंच, आणि त्याची त्यांना काडीची लाज नव्हती. स्टाफरूममध्ये त्यांचा डबा उघडला की लसणाच्या चटणीचा वास थेट प्राचार्यांच्या केबिनपर्यंत जायचा आणि प्राचार्य शिपायाला काहीतरी निमित्त काढून डब्याची चौकशी करायला पाठवायचे.

त्यांच्या तोंडी परीक्षेला 'येत नाही' असं सरळ म्हणणाऱ्याला एक मार्क मिळायचा. बाहेरून आलेल्या एका परीक्षकानं विचारलं, "हा मार्क कशाचा?"

"खरं बोलल्याचा," बाई म्हणाल्या. "तुमच्या कॉलेजात नसंल. आमच्यात हाये."

ही परीक्षा त्या चालता चालता घ्यायच्या. मैदानाच्या कडेकडेनं विद्यार्थी आणि त्या फेऱ्या मारतायत, बाईंचे हात पाठीमागं, विद्यार्थ्याला धाप लागलेली. बसलेलं लेकरू पाठ केलेलं बोलतं, चालायला लावलं की स्वतःचं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा खुळचटपणाचं वाटायचं.

मग मशीन आली. म्हणजे विचारलं की लिहून देणारी ती सगळी ॲप्स. माझ्या वर्गातली जी पोरं तीन वर्षं एक वाक्य धड लिहीत नव्हती, ती एका दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदम साहेबाच्या थाटात लिहायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, संताप आला. बाईंकडे तर त्याहून मजा. त्या दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना स्वतःच्या गावच्या किंवा गल्लीच्या पाण्यावर प्रकल्प करायला लावायच्या. त्या साली एका नदी नसलेल्या गावाला नदी आली. बाईंनी नकाशा उलगडला, त्या पोराला म्हणाल्या, "दाखव बरं, कुठून व्हाते?" पोरगं बराच वेळ बोट फिरवत राहिलं.

आमचं कॉलेज स्वायत्त, म्हणजे परीक्षेचे नियम आमचे आम्हीच करायचे. प्राचार्यांनी या मशीनचं काय करायचं हे ठरवायला शिक्षकांचा एक गट काढला आणि त्याला 'फॅकल्टी लर्निंग कम्युनिटी' असं भारदस्त नाव दिलं. दर गुरुवारी बैठक. निमंत्रक संगणक विभागाचे इम्रान सर. तरुण माणूस, मशीनची नस आणि नस ओळखणारा, आणि बाईंना मनापासून भिणारा. पहिल्याच गुरुवारी बाईंनी त्यांना विचारलं, "ह्या नावाचा अर्थ काय, मराठीत सांगा."

इम्रान सर म्हणाले, "बाई, मतलब असं की आज तुमच्या वर्गाची अडचण घेऊन सगळे बसले, त्यावर काम केलं. उद्या माझ्या वर्गाची. बारी बारी से."

"मंग सावड म्हणा की!" बाईंनी टेबलावर हात मारला. "आमच्याकडं खुरपणीला बायकांची सावड असती. आज माझ्या रानात समद्या, उद्या तुझ्या रानात समद्या. मजुरी नाय, हिशोब नाय. फक्त जिनं तुझं रान खुरपलं, तिच्या रानात तू गेलीच पायजे. नाय गेली तर गावात तोंड दाखवायला जागा नाय."

त्या दिवसापासून आम्ही सावड झालो. प्राचार्यांच्या कागदावर लांबलचक इंग्रजी नाव राहिलं, पण शिपाईसुद्धा "सावडीचा चहा आणू का?" असं विचारायला लागला.

मशीनला बाई 'पाव्हणा' म्हणायच्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पाव्हण्याला काय बी वाढा, लई झकास म्हणतो. ह्याला मी मुद्दाम चुकीचं उत्तर लिहून दाखवलं, तर म्हणतो फार सुंदर निरीक्षण आहे." पण बाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली नाही. इम्रान सरांकडून शिकून घेतलं, गुरुवारच्या आधी रोज थोडं बसल्या. नकाशावरच्या रेषा समजावून सांगायला पाव्हण्याकडून वेगवेगळी उदाहरणं काढून घेतली, त्यातली चुकीची मुलांकडूनच पकडून घेतली. वर्गाला हा खेळ इतका आवडला की मीही तो इंग्रजीत उचलला. "कामाचा हाये," त्या म्हणायच्या, "पण घराची किल्ली द्यायची नाय."

किल्लीचा प्रश्न त्याच सत्रात आला. कॉलेजनं एक सॉफ्टवेअर घेतलं. प्रकल्प त्यात टाकला की मशीननं लिहिलाय असं वाटणारा मजकूर लाल दिसायचा. प्राचार्यांनी बैठकीत येऊन नियम मांडला. अर्ध्याहून जास्त लाल असेल तर शून्य. वाद नाही, सुनावणी नाही. तपासायच्या गठ्ठ्यांनी वैतागलेल्या आम्हा लोकांना नियम बरा वाटला. बाई तेवढ्या उभ्या राहिल्या.

त्यांच्या वर्गात प्रतीक्षा नावाची मुलगी होती. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत राहायची. सकाळी स्पर्धा परीक्षेचा क्लास, दुपारी कॉलेज. तिनं 'आमच्या गल्लीचं पाणी' हा प्रकल्प केला होता आणि सॉफ्टवेअरनं तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लाल करून टाकला होता. शून्य मिळालं की पदवी अडकणार, आणि पदवी अडकली की ज्या परीक्षेसाठी ती पहाटे उठून क्लास गाठत होती तिचा अर्जच भरता येणार नव्हता.

"ह्या लेकराला मी दारोदार फिरून बोरचं पाणी विचारताना बघितलंय," बाई म्हणाल्या. "तिनं चोरी केली नाय. एकाही लेकराला न विचारता शून्य द्यायचं नाय."

"बाई, सॉफ्टवेअर काय खोटं बोलतंय?" प्राचार्यांनी विचारलं.

बाईंनी इम्रान सरांकडे पाहिलं. इम्रान सरांनी प्राचार्यांकडे पाहिलं, मग पुन्हा बाईंकडे, आणि 'खुदा खैर करे' म्हणत लॅपटॉप पुढे ओढला. बाईंनी त्यांना सकाळीच एक मजकूर देऊन ठेवला होता. तो सॉफ्टवेअरमध्ये टाकला. पडदा लालभडक झाला.

"कोणाचा प्रकल्प आहे हा?" प्राचार्य म्हणाले.

"तुमचं परिपत्रक हाये, सर. वाहनतळाचं."

हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. 'सदर', 'उपरोक्त', 'त्याअनुषंगाने', सगळं लाल. इम्रान सर घाईघाईनं म्हणाले, "सर, गलत मत समझो, पण हे सॉफ्टवेअर मराठीत बहुत गडबडतं. एकसारखी, साचेबंद भाषा दिसली की लाल करतं. क्लासच्या पुस्तकांची भाषा बी असलीच रहती."

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. पण हट्टी होते, आणि चारचौघांत हसं झालेला हट्टी माणूस लवकर नमत नाही. ते म्हणाले, "ठीक. या सत्रापुरती तुमची तोंडी परीक्षा करून बघा. सगळ्या विभागांची, वेळेत. आणि त्या मुलीला मी स्वतः ऐकणार. तिनं मशीनकडून लिहून घेतलंय असं निघालं, तर तिला शून्य, आणि पुढच्या सत्रापासून सॉफ्टवेअर सांगेल तेच."

"चालंल," बाई म्हणाल्या. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. मला त्यांची भीतीच वाटली.

एवढ्या पोरांना प्रश्न विचारायला माणसं कुठून आणायची, तर सावडीनं. प्रत्येक परीक्षेला एक शिक्षक विभागातला, एक बाहेरचा. बाईंनी स्वतःचा भूगोल मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवला आणि पहिल्या दिवसापासून दुसऱ्यांच्या रानात राबायला लागल्या. कॉमर्सला गेल्या, रसायनशास्त्राला गेल्या. रसायनातलं कळत नव्हतं तर मुलांना म्हणायच्या, "मला समजंल असं सांग." मुलांची खरी परीक्षा तिथंच व्हायची. माझ्या इंग्रजीला आल्या तेव्हा एका कथेबद्दल मराठीतच विचारत सुटल्या, "ह्या गोष्टीतली बाई घर सोडून का गेली?" ज्या पोराच्या निबंधावर मी 'अप्रतिम' लिहिलं होतं, ते मैदानाच्या पहिल्याच वळणावर म्हणालं, "बाई, गोष्ट वाचलीच नाय." बाईंनी त्याला त्यांचा तो एक मार्क दिला आणि मला म्हणाल्या, "सर, तुमचं अप्रतिम आता तुमीच खोडा."

सगळेच काही उत्साहानं आले नाहीत. गणिताच्या सरांनी आजारपण काढलं. बाई संध्याकाळी नकाशासकट त्यांच्या घरी हजर. "बरं वाटतंय का?" एवढंच विचारलं, चहा घेतला, आणि नकाशा त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतीला टेकवून तिथंच ठेवून आल्या. "उद्या कॉलेजला येताना घेऊन या, मला जड होतो." दुसऱ्या दिवशी गणिताचे सर नकाशा खांद्यावर घेऊन आले आणि दिवसभर फेऱ्या मारत राहिले.

भूगोलाच्या दिवशी सगळे आले. ज्यांच्या ज्यांच्या रानात बाई राबल्या होत्या ते सगळे. मैदानाच्या कडेनं जोड्या फिरत होत्या, उन्हाचा कडाका होता आणि कॅन्टीनवाल्यानं माठ आणून लिंबाखाली ठेवला होता. प्रतीक्षाची पाळी आली तेव्हा प्राचार्य केबिनमधून बाहेर आले. बाहेरचा परीक्षक म्हणून बाईंनी मला बरोबर घेतलं. पुढं प्राचार्य आणि ती मुलगी, मागं बाई आणि मी.

प्राचार्यांच्या हातात लाल झालेला प्रकल्प होता. त्यांनी वाचलं, "'सच्छिद्र बेसाल्ट खडकामध्ये जलधारणक्षमता अधिक असल्याचे आढळून येते.' म्हणजे काय?"

मुलगी म्हणाली, "सर, काळा पाषाण लागला की पाणी लागत नाय. मांजऱ्या खडक लागला की लागतं. त्याला बारीक बारीक भोकं असत्यात, पाणी त्यात ऱ्हातं. आमच्या गल्लीत रेल्वेच्या अंगाला मांजऱ्या हाये. बोर मारणाऱ्याला मी इचारलं, त्यानं चुरा दाखवला मला."

प्राचार्यांनी मागं वळून पाहिलं. बाईंचा चेहरा फुलला होता. प्रश्नामागून प्रश्न आले. कुठलं बोर कधी आटतं, का आटतं, पाण्यावरून भांडणं कोणत्या महिन्यात होतात, मुलगी सगळं सांगत गेली. अर्धी फेरी झाली. मला वाटलं, जिंकलो.

"शेवटचं," प्राचार्य थांबून म्हणाले. "खरं सांग. मशीन वापरलीस?"

ती पण थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"व्हय सर. वापरली."

बाईंनी माझा दंड पकडला. इतका घट्ट की मला कळ लागली.

"लिव्हलं मीच व्हतं," मुलगी बाईंकडे बघून बोलली. "समदं मी लिव्हलं, बाई. पण मी इथं, तिथं, नाय, हाये असंच लिव्हते. पहिल्या वर्षाला तुमी माझ्या पेपरात त्याला गोल केले व्हते. इथं नाय, इथे. तिथं नाय, तिथे. पान भरून गोल व्हते. वर्गात समदे हसले. मला ते जमंच ना. मंग ह्या बारीला मशीनला दिलं आन म्हणलं, शुद्ध करून दे."

हे खरं होतं. बाई स्टाफरूममध्ये बोलायच्या तशा, आणि मुलांना लिहायला लावायच्या अशा. आम्ही सगळेच तसं करतो, म्हणून ते कधी कुणाच्या डोळ्यावर आलं नव्हतं. सॉफ्टवेअर या वेळी खोटं बोललं नव्हतं आणि मुलीनंही चोरी केली नव्हती.

परीक्षेत चालायचं थांबलेल्या बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. "बाई, आता?" प्राचार्य म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, हे मी त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

बाईंनी आधी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "चूक माझी हाये, लेकरा," त्या म्हणाल्या. प्राचार्यांसमोर, माझ्यासमोर, आणि बाजूनं जाणारी एक जोडी ऐकत होती तिच्यासमोर. मी इतकी वर्षं शिकवतोय. विद्यार्थ्याला असं म्हणणारा शिक्षक मी आजवर दुसरा पाहिला नाही, आणि मीही कधी म्हटलेलं नाही.

मग त्या प्राचार्यांकडे वळल्या. आवाज पुन्हा नेहमीचा, टेबलावर हात मारल्यासारखा. "मशीन वापरली ते सांगितलं नाय, त्याचे दोन मार्क मी कापते. बाकी तिला काय येतं ते तुमी आत्ता कानानं ऐकलंय. आता बी शून्य द्यायचं असंल तर द्या, पण तिच्या तोंडावर सांगून द्या, कागदामागं दडून नाय."

प्राचार्यांनी तो लाल प्रकल्प मिटला. पलीकडे मुलं माठावर पाणी पीत होती. त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, मार्क लिहिले, सही केली आणि मुलीला म्हणाले, "अर्ज भरलास की मला येऊन सांग." आणि बाईंना म्हणाले, "पुढच्या सत्रालाही तोंडीच ठेवा." ती मुलगी वळून जी पळत सुटली ती लिंबाखाली तिच्या मैत्रिणींच्या घोळक्यातच जाऊन थांबली.

दुसरं कुणी असतं तर तिथं घरी जाऊन पडलं असतं. बाईंनी उरलेल्या सगळ्या मुलांची परीक्षा घेतली. त्या दिवशी त्या फार कमी बोलल्या, पण एकही फेरी कमी केली नाही.

पुढच्या गुरुवारी त्यांनी सावडीपुढं दोन नियम ठेवले. मशीन वापरली तर सांगायचं, आणि पहिला मसुदा मुलानं घरी बोलतो त्या भाषेत लिहिलेला चालेल. मराठीचे सर खवळले. त्यांचंही चूक नव्हतं. "उद्या हीच मुलं स्पर्धा परीक्षेला बसणार. तिथं कुणी इथं-तिथं चालवून घेणार आहे का? तुम्ही त्यांचं नुकसान करताय."

"प्रमाण भाषा शिकवूच की," बाई म्हणाल्या. "दुसरा मसुदा त्यांनी स्वतःच्या हातानं तसा लिहायचा. तुमी शिकवा, मी बी शिकवते, माझ्या रानात या. पण पयला मसुदा लाजत लिहायचा नाय. लाजलं की ते लेकरू पाव्हण्याच्या दारात जाऊन उभं ऱ्हातं, हे मी बघून आलेय." तासभर कडाक्याचं भांडण झालं. नियम पास झाले, पण मराठीच्या सरांचा हात वर गेला नाही तो नाहीच.

तेव्हा बाईंनी पिशवीतून काही सुटे कागद काढले. प्रतीक्षाकडून त्यांनी प्रकल्प पुन्हा लिहवून घेतला होता, मशीनशिवाय, तिच्या बोलीत. त्यात मार्कांचा काही संबंध नव्हता. चष्मा लावून त्या उभ्या राहिल्या आणि वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचायला लागल्या.

"आमच्या गल्लीत तीन बोर आहेत. इथे पाणी चैत्रापर्यंत..."

त्या अडखळल्या. कागद डोळ्यांजवळ नेला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून, पहिलीतलं मूल वाचतं तसं एकेक अक्षर बघत वाचलं.

"आमच्या गल्लीत तीन बोर हायेत. इथं पाणी चैतापर्यंत पुरतं. तिथं संक्रातीलाच आटतं."